चिमीच्या शिंका आणि मनीचा डोळा

मावशी, दहा दिवसांपूर्वी भर पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली कुडकुडणारं पिल्लू मी घरी आणलं. दोनेक महिन्यांचं असेल. नाव चिमी. आमचा वन बीएचके, त्यात आधीच तीन मांजरं: अकरा वर्षांची मनी, गोट्या आणि काळू. तिघांची लस दोन वर्षं राहिली आहे. चार दिवसांपासून चिमी सारखी शिंकतेय, डोळ्यांतून पाणी येतंय. खाते, थोडी खेळतेही. पाऊस थांबत नाही म्हणून डॉक्टरांकडे अजून नेलेलं नाही. मनी सासूबाईंच्या पायाशी झोपते. त्या म्हणतात, "एकीची दया करायला गेलीस आणि तिघं जातील. जिथून आणलंस तिथे सोडून ये." मनीचा डोळा तसाही दर गणपतीत पाहुणे आले की पाणावतो. तिला काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. रात्र रात्र झोप नाही. माझं चुकलं का?
एक वाचक, डोंबिवली

बाळा,

मनीच्या डोळ्याची ती ओळ तू जाता जाता लिहिली आहेस, पण मी तिथेच थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मांजरांच्या सर्दीमागे बहुतेक वेळा दोनच विषाणू असतात, हर्पिस आणि कॅलिसी. हर्पिस एकदा अंगात शिरला की जन्मभर मुक्काम करतो. एरवी मज्जातंतूंमध्ये निपचित पडून असतो. घरात पाहुणे आले, ढोल वाजले, सामान हललं, नवं मांजर आलं की मांजराला ताण येतो आणि काही दिवसांनी हा विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. मग एखादा डोळा पाणावतो, दोन-चार शिंका येतात, आणि आठवडा-दोन आठवड्यांत सगळं शांत होतं. मनीचं गणपतीतलं दुखणं मला हुबेहूब तसलं वाटतं. खात्री डॉक्टरच करतील, पण ती वर्षानुवर्षं हा विषाणू बाळगून असण्याची शक्यता बरीच आहे.

आता दिवस मोज. चिमी येऊन दहा दिवस झाले, शिंका चार दिवसांच्या. म्हणजे ती सहाव्या दिवशी शिंकायला लागली. लागण झाल्यापासून शिंका सुरू व्हायला साधारण 2 ते 6 दिवस जातात, कधी थोडे जास्त. तेव्हा चिमीने रस्त्यावरून सर्दी आणली असेल, तशीच ती तिला तुमच्याच घरात लागलीही असेल. कुणाकडून कुणाला गेली हे आता कुणी सांगू शकणार नाही. त्यामुळे "मी घरात रोग आणला" हे ओझं आधी खाली ठेव. पिल्लू उचललंस यात तुझं काहीही चुकलं नाही. आल्या दिवसापासून तिला वेगळं ठेवायला हवं होतं, एवढंच राहिलं. ते आजपासून करता येईल.

आणि उद्या पाऊस असो वा नसो, टोपलीवर प्लास्टिक घालून तिला डॉक्टरांकडे ने. डोळ्याला पाणी आहे म्हणून मी हट्ट धरतेय. हर्पिसने बुबुळावर जखम होते, आणि लहान वयात तिची हयगय झाली तर नजर जाऊ शकते. घरात पडून असलेले माणसांचे ड्रॉप्स तिच्या डोळ्यांत घालू नकोस. त्यांत स्टेरॉइड असलं तर ती जखम चिघळते.

शिंका मोजत बसू नकोस, खाणं बघ. मांजर वासावर जेवतं. नाक चोंदलं की अन्न समोर असूनही त्याला ते अन्न वाटत नाही. एवढ्या लहान पिल्लाने अर्धा दिवस तोंड लावलं नाही तर ते झपाट्याने खचतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी तिला ठेव आणि आकडा लिहून काढ. या वयात दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वजन वाढायला हवं. ते घटलं, ती सुस्तावली, नाकातून हिरवा-पिवळा शेंबूड आला, लाळ गळायला लागली किंवा जिभेवर फोड दिसले तर पुन्हा डॉक्टर गाठ. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागली तर मध्यरात्र असली तरी निघ.

मी एकदा थांबले होते. शुक्रवारी शिंकणारं पिल्लू, "पावसाळी सर्दी आहे, सोमवारी बघू" म्हणून घरी ठेवलं. रविवारी त्याने खाणं सोडलं. सोमवार त्याने पाहिला नाही. पंधरा वर्षं झाली, अजून त्या शनिवारची आठवण आली की पोटात खड्डा पडतो. म्हणून तुला उद्याच जा म्हणते.

घरगुती उपायांना हात लावू नकोस. पॅरासिटामॉल तर मुळीच नको, एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. बाम, कापूर, निलगिरीचं तेल नको. धूप-उदबत्ती काही दिवस बंद ठेव, तो धूर आधीच सुजलेल्या नाकाला झोंबतो. फरशीला फिनाईल नको, पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशकही नको. असली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, आणि मांजर पाय चाटतंच. एक लिटर पाण्यात तीसेक मिली साधं ब्लीच घालून पूस आणि फरशी सुकल्यावरच मांजरांना येऊ दे. कॅलिसी कोरड्या जागेवर आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकतो. चिमीला रस्त्यावर सोडलं तरी तो घरातून जाणार नाही, हे सासूबाईंना शांतपणे सांग.

बाकी शुश्रूषा साधी आहे. उकडलेल्या चिकनचा किंवा मासळीचा घास कोमट करून दे, वास सुटला की भूक चाळवते. गाईचं दूध नको, पोट बिघडेल. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पूस, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ कोंडली की तिला घेऊन दहा मिनिटं तिथे बस. भांड्यावर तोंड धरून वाफ देऊ नकोस, भाजेल.

वन बीएचकेमध्ये वेगळं ठेवायचं कुठे, हा तुझा खरा पेच. बेडरूम चिमीला द्या. दार बंद, ताटली, पाणी, मातीचा ट्रे सगळं वेगळं. शिंकेचे तुषार चार-पाच फुटांपर्यंत उडतात, त्यामुळे दार बंद ठेवलंत तर बरंच साधतं. पण विषाणू हातांवरून आणि कपड्यांवरूनही जातो. म्हणून घरात कामं वाटून घ्या. चिमीचं सगळं तू करायचं, आणि मनी, गोट्या, काळू यांचं खाणंपिणं सासूबाईंनी. त्या चिमीवर रागावलेल्या नाहीत गं, मनीसाठी घाबरल्या आहेत. अकरा वर्षांचं मांजर पायाशी झोपतं, ते काय उगाच? "मनी तुमच्या ताब्यात, ती नीट जेवते का तेवढं तुम्ही बघा," असं म्हणून बघ. तिचं नाक-डोळं सगळ्यांत आधी त्यांनाच कळेल.

मोठ्यांच्या राहिलेल्या लसीचंही उद्याच विचार. लसीने लागण टळतेच असं नाही, पण दुखणं सौम्य राहतं. चिमीला बरी झाल्यावर पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांची होईपर्यंत.

शिंका पूर्ण थांबल्यावरही दोनेक आठवडे दार बंदच असू दे. मग आधी दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण ठेव. पहिल्या भेटीला सासूबाईंना समोर बसव, मनीला त्यांच्याजवळ असू दे. गणपती तोंडावर आले असतील तर ही भेट पाहुणे गेल्यावरच ठरव, म्हणजे मनीवर एकदम दोन ताण येणार नाहीत.

डोळ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी