शिडीची दांडी किती बारीक हवी? मालडब्यांच्या डिटेलिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापाच्या मॉडेल रेल्वेतल्या, अमेरिकन चाळीस फुटी बॉक्सकारचा (बंद मालडब्याचा) फोटो छापला होता, त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळी बाकी विषय बाजूला ठेवून फक्त मालडबेच घेतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : माझ्या बॉक्सकारवर शिड्या आणि हाताने धरायच्या दांड्या बॉडीतच मोल्ड केलेल्या आहेत, मागे फट नाहीच. त्या काढून तारेच्या बसवायच्यात. इथे मिळणारी कुठली तार चालेल आणि किती जाडीची? (कोथरूड, पुणे)

आधी ही दांडी तिथे कशासाठी आहे ते बघू, कारण तुमचं माप त्यातच आहे. अमेरिकेत एकेकाळी डबे जोडताना, सोडताना आणि चालत्या मालगाडीच्या टपावरून पळत हातब्रेक आवळताना रेल्वेची माणसं मरायची, हातपाय गमवायची, म्हणून १८९३ ला सेफ्टी अप्लायन्स कायदा झाला, आणि १९१० ला आणखी एक कायदा होऊन १९११ मध्ये तर कुठली दांडी, कुठली पायरी कुठे आणि किती मापाची हे सगळं ठरवूनच दिलं गेलं. दांडी कमीत कमी पाच अष्टमांश इंच जाड, सोळा इंच लांब, आणि मागे बोटं जायला दोन इंच फट, जमलं तर अडीच. थोडक्यात ती माणसाच्या मुठीच्या मापाची आहे, त्यामुळे मॉडेलवर जाड झाली की बघणाऱ्याला स्केल न कळताही काहीतरी खटकतं.

आता ८७ ने भागा. जाडी येते ०.१८ मिमी, लांबी ४.७ मिमी, फट साधारण ०.७ मिमी. मोल्डेड दांडी समजा अर्धा मिमी जाड असेल तर खऱ्या डब्यावर ती पावणेदोन इंची पाइप झाली, ती कुणाच्या मुठीत मावणार?

तारेसाठी लांब जायची गरज नाही. ०.७५ स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल वायर घ्या, आत ०.२ मिमीच्या चोवीस तारा असतात, म्हणजे खऱ्या मापात साडेसतरा मिमी, पाहिजेत सोळा, हा फरक डोळ्याला कळत नाही. तांबं मऊ असतं हे खरं, म्हणून फूटभर तुकड्याचं एक टोक व्हाइसमध्ये पकडायचं, दुसरं पक्कडीने धरून सावकाश ओढायचं, तार किंचित लांबल्यासारखी हाताला जाणवली की थांबायचं. ती सरळही होते आणि कडकही. जिथे डबा उचलताना बोट लागतं तिथे, म्हणजे कोपऱ्यावरच्या दांड्या आणि खालच्या पायऱ्या, मिळाली तर ०.२५ ची फॉस्फर ब्राँझ वापरा, ती वाकली तरी परत सरळ होते.

मोल्डेड दांडी तासायच्या आधी तिच्या दोन्ही टोकांना सुईने खूण करून घ्या. हे अगदी महत्त्वाचं, एकदा तासली की जागा सापडत नाही आणि मग चार दांड्या चार दिशांना जातात. नंतर छिन्नीसारख्या सपाट ब्लेडने थोडं थोडं खरवडा, पुढे हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून. भोकं ०.३ किंवा ०.३५ च्या बिटने, पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये) धरून हातानेच पाडा. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला पीसीबीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाला भोकं पाडायचे, कार्बाइड बिट मिळतात ते धारदार असतात पण जरा तिरका जोर पडला की कट्कन मोडतात, हाताने पाडायला हाय स्पीड स्टीलचेच बरे.

वाकवायला टोकाकडे निमुळती होत जाणारी चपटी पक्कड घ्या, जबड्याची रुंदी जिथे ४.७ मिमी भरते तिथे मार्करने रेघ मारा आणि प्रत्येक दांडी त्याच रेघेवर वाकवा, सगळ्या सारख्या येतात. बसवताना व्हिजिटिंग कार्डाच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून दांडीखाली सरकवायच्या, फट आपोआप ०.७ च्या आसपास येते. फेविक्विक बाहेरून अजिबात नको, आतून, टूथपिकच्या टोकावर जेमतेम घेऊन लावा. कार्ड लगेच काढा नाहीतर तेही चिकटेल.

एका डब्यावर सगळ्या शिड्या बदलायला घेऊ नका. चार कोपऱ्यांच्या मोकळ्या दांड्या आणि खालच्या पायऱ्या बदला, शिड्या राहू द्या, निम्म्याहून जास्त परिणाम तेवढ्यातच मिळतो.

प्रश्न : कपलरखाली (डबे जोडणाऱ्या आकड्याखाली) एक वाकडी तार लोंबते. कापली तर चालेल का? (नाशिक)

ती ट्रिप पिन. रुळांमध्ये चुंबक ठेवून डबे आपोआप सोडवता यावेत म्हणून केडी कंपनीच्या कपलरला ती असते, आणि लांबून एअर होजसारखी (ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी) दिसते. चुंबक वापरत असाल तर राहू द्या, नुसता मॅट काळा रंग द्या आणि टोकाला चंदेरी ठिपका. हाताने, काडी घालून डबे सोडवत असाल तर खुशाल कापा आणि शेजारी वेगळा रबरी होज लावा, खऱ्या डब्यावर तो कपलरच्या बाजूला असतो, बरोबर खाली नाही.

प्रश्न : माझा लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्याची मांडणी, १९५५ च्या सुमाराचा ठरवलाय. डबे मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे, जमतील तसे घेतलेले. कुठला डिटेल त्या काळात बसतो आणि कुठला नाही हे कसं ओळखायचं? (औरंगाबादहून आणि ठाण्याहून, जवळजवळ सारखाच प्रश्न)

टपाकडे बघा. टपावर लांबीभर चालायची फळी म्हणजे रनिंग बोर्ड १९५५ ला हवाच, कारण ब्रेकमन वरून चालायचे. १९६६ नंतरच्या नव्या बॉक्सकार फळीशिवाय बनायला लागल्या, हातब्रेकचं चाक खाली आलं, शिड्या आखूड झाल्या, आणि जुन्या डब्यांवरच्या फळ्याही पुढच्या वर्षांत हळूहळू काढल्या गेल्या. त्यामुळे फळी नसलेला, ब्रेकचं चाक खाली असलेला डबा तुमच्या लेआउटवर येऊच शकत नाही, कितीही सुंदर असला तरी.

मग बाजू बघा. रंगीत आडव्या पट्ट्यांचं एक लेबल असतं, एसीआय म्हणतात त्याला, रुळाशेजारच्या स्कॅनरने डब्याचा नंबर वाचावा म्हणून ते होतं, १९६७ ला आलं आणि १९७७ ला बंद झालं. काळ्या चौकोनात पिवळा ठिपका दिसला तर तो १९७८ चा, एका ठराविक प्रकारच्या चाकांची देशभर तपासणी झाली तेव्हाची खूण. काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरातली वंगणाची नोंदही सत्तरच्या दशकातली. ही तिन्ही तुमच्याकडे नकोत. डिकल, म्हणजे वरून चिकटवलेलं छापील चित्र, असेल तर सेलोटेपने हळूच उचलून बघा, छापलेलं असेल तर डब्याच्या रंगाचा छोटा पॅच द्या.

आणि तो पॅच वाया जात नाही बरं का. त्या काळी डबे ठरावीक मुदतीने परत वजन करून नवीन वजन, तारीख आणि ठिकाणाची खूण लिहीत, त्यासाठी जुन्या आकड्यांवर ताज्या रंगाचा चौकोन मारत. मळक्या डब्यावर तेवढाच एक तजेलदार चौकोन आणि त्यात पांढरे आकडे, हा माझा सगळ्यात आवडता डिटेल आहे, खर्च शून्य आणि डबा एकदम कामावरचा वाटायला लागतो. फक्त तिथली तारीख १९५५ च्या पुढची नको, आणि डबा बांधल्याच्या तारखेच्या मागचीही नको.

प्रश्न : माझे बाबा मध्य रेल्वेतून रिटायर होऊन आता आमच्याकडे असतात आणि डब्याच्या खालचं ब्रेकचं सगळं पायपिंग करायला बसलेत. घरातले म्हणतात खालचं कोण बघणार. खरंच करण्यासारखं आहे का? (एडिसन, न्यू जर्सी)

बाबांना करू द्या, पण सगळ्या डब्यांना नको.

१९३३ पासून अमेरिकेतल्या नव्या मालडब्यांना एबी नावाचा हवेचा ब्रेक आला, त्याचे खाली तीन मोठे भाग दिसतात: एक टाकी, तीही आतून दोन कप्प्यांची, एक कंट्रोल व्हॉल्व्ह आणि एक सिलिंडर. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाइप जातो, ड्रायव्हरने त्यातला दाब कमी केला की व्हॉल्व्हला ते कळतं आणि तो टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोडतो, दट्ट्या बाहेर येतो, लिव्हर फिरतो आणि दोन्ही बोगींकडे (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांकडे) गेलेल्या सळया ओढल्या जातात. तुमच्या बाबांनी नोकरीत व्हॅक्यूम ब्रेकही हाताळला असेल, त्यांना हे दोन मिनिटांत कळेल, आणि एकदा कळलं की कुठला पाइप कुठे जातो हे ड्रॉइंग न बघताही लावता येतं. ज्यांना कळत नाही ते सिलिंडर उलटा बसवतात आणि सळई कुठेच जात नाही. आणखी जुना के ब्रेक असतो, त्यात टाकी आणि सिलिंडर बहुतेक एकाच ओळीत जोडलेले, तो १९५३ नंतर एका रेल्वेकडून दुसऱ्या रेल्वेकडे जाणाऱ्या डब्यांवर चालत नव्हता.

दिसतं किती? बॉक्सकार टेबलाच्या उंचीवर, वरून बघणार असाल तर काहीच नाही. लेआउट छातीच्या उंचीवर असेल तर दोन बोगींच्या मधल्या मोकळ्या जागेत मागच्या उजेडावर ते तीन भाग, लिव्हर आणि सळया अगदी स्पष्ट दिसतात, बारीक पाइप मात्र नाही. म्हणून बॉक्सकारला तीन भाग, मुख्य पाइप आणि सळया पुरे. टँक कार आणि हॉपरची (तळातून माल ओतणाऱ्या डब्याची) गोष्ट वेगळी, तिथे सगळं उघड्यावर असतं, हातब्रेकच्या टोकाला व्हॉल्व्ह, टाकी, पाइप शेजारून सरळ दिसतात. बाबांची मेहनत तिथे लावा. एडिसनहून गाडीने जाण्याइतक्या अंतरावर स्ट्रासबर्गला पेनसिल्व्हेनियाचं रेल्वे म्युझियम आहे, तिथे खरे डबे उभे आहेत, त्यांना घेऊन जा आणि वाकून खालचे भरपूर फोटो काढा.

प्रश्न : जुलैमध्ये मॅट वार्निशचा स्प्रे मारला तर डबा पांढुरका झाला. आता काय? आणि गंज, धूळ नैसर्गिक कशी दाखवायची? (डोंबिवली)

ही हवेतली ओल. स्प्रेमधलं सॉल्व्हंट भराभर उडतं, पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी बसून वार्निशमध्ये अडकतं. कोरडा दिवस येईपर्यंत थांबा, मग त्याच वार्निशचा अगदी हलका हात मारा, बहुतेक वेळा पांढरेपणा निघून जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर स्प्रे नकोच, तोवर ब्रशची आणि पावडरची कामं उरका.

धुळीसाठी सॉफ्ट पेस्टल खडू ब्लेडने खरवडून पावडर करा, मॅट पृष्ठभागावरच ती धरते, चकचकीतवर घसरते. वरून वार्निश मारलं की निम्मी दिसेनाशी होते हे धरून जरा जास्त लावा. आता कुठे लावायची ते नीट बघा, बहुतेकजण सगळीकडे सारखं तपकिरी फासतात आणि डबा चिखलात लोळल्यासारखा दिसतो. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर शेजारच्या डब्याची चाकं ओला चिखल उडवतात, त्यामुळे तिथे चाकांच्या रेषेत दोन उभे पट्टे असतात, खाली गडद, वर विरत गेलेले. बाजूंवर धूळ खालच्या कडेला आणि रिव्हेटच्या ओळींखाली. टपावर काजळी, वाफेच्या इंजिनांच्या काळात तर भरपूर. आणि डब्याचा नंबर लिहिलाय तो भाग जरा पुसलेला ठेवा, यार्डात तो वाचावाच लागतो. गंज हा ठिपक्यांनी करायचा, रंग उडालेल्या जागीच, तिथून खाली एक बारीक ओघळ.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझा कोळशाचा डबा रिकामा असला की वळणावर पडतो. कोळसा भरला तर ठीक होईल का? (सातारा)

नुसत्या कोळशाने नाही होणार, तुझ्या डब्याला वजन हवंय आणि ते खाली हवंय. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेचा साधा हिशोब आहे, एचओ डब्याला आधी एक औंस, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, आणि मग लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. साडेपाच इंची डबा म्हणजे साधारण एकशे सहा ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर करून बघ. कमी पडलं तर टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं मिळतात, पाच आणि दहा ग्रॅमची, ती तळाशी लाव. त्यात शिसं असू शकतं म्हणून हात लगेच धू. वर थर्माकोलचा तुकडा काळा रंगवून त्यावर ठेचलेला खरा कोळसा फेविकॉलने चिकटव, पण सपाट नको, दोन तीन उंचवटे कर, भरताना तसेच ढीग पडतात.

प्रश्न : आपल्या भारतीय रेल्वेच्या बॉक्सएन वॅगनचं (कोळशाच्या उघड्या डब्याचं) एचओ मॉडेल करतोय. अमेरिकन डब्यांसाठी सांगितलेलं यातलं किती लागू पडतं? (नागपूर)

बरंच. आपली कॅसनब बोगी अमेरिकन पद्धतीच्याच तीन भागांच्या ओतीव बोगीच्या कुळातली, कपलरही मधला, मुठीसारख्या आकड्याचा नकल कपलर, त्यामुळे चांगली अमेरिकन बोगी थोड्या बदलाने खपून जाते. गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, मात्र मनाशी पक्कं करा: १६७६ मिमीचे रूळ ८७ ने भागले तर १९.३ येतात आणि एचओचा ट्रॅक १६.५ आहे. बाजूने बघताना ते जाणवत नाही, समोरून जाणवतं, मी स्वतः १६.५ वरच राहीन.

लांबी कपलरसकट १०.७ मीटर, म्हणजे मॉडेलवर १२३ मिमी. बाजूच्या दारांचे कडीकोयंडे, वाकलेले पत्रे, वेल्डिंगचे ठिगळ हे जरूर करा, नवाकोरा सरळ पत्रा आपल्या कोळशाच्या गाडीला शोभत नाही. पीओएच (ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती) कधी झालं, पुढचं कधी, टेअर (रिकाम्या डब्याचं वजन), क्षमता, मालक रेल्वेचं नाव हे सगळं अंगावर लिहिलेलं असतं, नागपूरला तर डोळ्यासमोर गाड्या जातात, फोटो काढायचा असेल तर स्टेशनवर परवानगी विचारून काढा.

नंबर अकरा आकडी. पहिले दोन वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, मग दोन बांधणीचं वर्ष, चार आकडे त्या वॅगनचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळ्याचा. डिकल छापायच्या आधी तो काढून बघा: दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा मिळवा, बेरजेला तीनने गुणा, त्यात पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा मिळवा, आणि जे येईल ते दहाच्या पुढच्या पटीपर्यंत न्यायला जितके कमी पडतात तो तुमचा अकरावा आकडा.