रेड फ्लॅग कायदा : बंदूक 'जप्त', 'जमा' की 'सरकारजमा'?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे : "इथल्या रेड फ्लॅग कायद्यावरची एक मराठी बातमी वाचली. एका परिच्छेदात बंदुका 'जप्त', दुसऱ्यात 'जमा' आणि शीर्षकात 'सरकारजमा'. माझ्या ओळखीचे शिकारीला जाणारे लोक या कायद्यावर नाराज आहेत. त्यांचं म्हणणं मराठीत नीट मांडायचं तर यातला कोणता शब्द घ्यावा?"

रेड फ्लॅग कायदा म्हणजे कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी लक्षणं दिसली, तर न्यायालयाच्या आदेशाने त्याची बंदूक काही काळ काढून घेण्याचा अमेरिकेतल्या काही राज्यांतला कायदा. त्यासाठी 'तात्पुरती जप्ती' म्हणावं. 'तात्पुरती' गाळू नये.

'सरकारजमा' साफ चूक आहे. सरकारजमा झालेल्या वस्तूवरची मालकीच जाते. या कायद्यात मालकी जात नाही. न्यायाधीशाने ठरवलेल्या मुदतीपुरती बंदूक काढून घेतली जाते आणि तेवढा काळ नवी विकत घेता येत नाही. अंतिम आदेशाची मुदत फ्लोरिडात जास्तीत जास्त १२ महिने, तर कॅलिफोर्नियात १ ते ५ वर्षं असते. आदेश वाढवला गेला नाही, तर मुदत संपल्यावर मालक बंदूक परत मागू शकतो.

'जमा' हा शब्द आपल्याला निवडणुकांमुळे ओळखीचा. आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी बंदूक बाळगणारे शेतकरी यावर दर निवडणुकीला कुरकुरतात, कारण रानडुकरांना आणि माकडांना आचारसंहिता लागू होत नाही. पण त्यांचीही तक्रार गैरसोयीची असते. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदूक परवान्यावर मिळते, आणि सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून तो परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीने १७९१पासून मान्य केलेला हक्क आहे. ज्याला तो आपला हक्क वाटतो, त्याच्या दारात पोलीस न्यायालयाचा आदेश घेऊन उभे राहिले तर तो 'मी बंदूक जमा केली' असं म्हणणार नाही. त्या आदेशांत बंदूक स्वतःहून सोपवण्याची तरतूद असते हे खरं, पण मागे सक्ती असतेच. 'जमा' म्हटलं की ती झाकली जाते.

राहिली 'जप्ती'. शब्द योग्य, पण मराठी कानाला तो कायमचा वाटतो. उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालं की ते परत मिळत नाही. म्हणून आधी 'तात्पुरती' हवं.

या शब्दाचं कुळ इथे फार कामाचं आहे. जप्ती अरबी 'जब्त'वरून आली. मूळ अर्थ धरून ठेवणं, आवरणं. त्याच धातूपासून 'जाबता' आला. पेशवाईच्या कागदांत जाबता म्हणजे यादी, नियमांचा तक्ता. उर्दूत दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेच्या संहितांना आजही 'जाब्ता'च म्हणतात. जप्ती आणि जाबता सख्ख्या बहिणी, आणि बंदूकमालकांची मुख्य तक्रार नेमकी हीच आहे की आधी जप्ती होते आणि जाबता मागून येतो. फेब्रुवारी २०१८मध्ये व्हाइट हाउसमधल्या बैठकीत खुद्द ट्रम्प म्हणाले होते की आधी बंदुका घ्या, रीतसर प्रक्रिया नंतर पाहू. त्यांच्याच बाजूचे बंदूकमालक तेव्हा चांगलेच हादरले होते.

ही तक्रार मराठीत सांगायला आपल्या कोर्टकचेरीतला 'एकतर्फी' हा शब्द चपखल आहे. कुटुंबीय किंवा पोलीस (काही राज्यांत शिक्षक आणि सहकारीही) न्यायालयात शपथेवर सांगतात की अमुक माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी चिन्हं आहेत. न्यायाधीशाला पटलं तर बंदूकमालकाला न ऐकता पहिला आदेश निघतो. फ्लोरिडात १४ दिवसांत आणि कॅलिफोर्नियात २१ दिवसांत सुनावणी व्हावी लागते. तिथे पुराव्याची कसोटी कडक असते. पण तोवर बंदूक गेलेली असते. शिवाय मामला दिवाणी. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तसा इथे बहुतेक राज्यांत मिळत नाही. कोलोरॅडोने मात्र ती सोय केली आहे.

बातमीत 'आरोपी' किंवा 'संशयित' लिहिणं म्हणूनच अन्यायाचं आहे. त्या माणसावर कुठलाही आरोप ठेवलेला नसतो. दिवाणी मामल्यातला 'प्रतिवादी' हा शब्द आपल्याकडे तयार असताना दुसरा कशाला?

भीती नुसती कागदावरची नाही. मेरीलँडमध्ये कायदा लागू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, नोव्हेंबर २०१८मध्ये, पोलीस असा आदेश घेऊन पहाटे पाचच्या सुमारास एका ६१ वर्षांच्या माणसाच्या दारी गेले. त्या गृहस्थांनी हातात बंदूक घेऊन दार उघडलं, झटापट झाली आणि ते पोलिसांच्या गोळीने मारले गेले. अशा वेळी पहाटे दार का ठोठवावं, हा प्रश्न बंदूकमालक आजही विचारतात, आणि तो रास्त आहे. सूडापोटी खोटा अर्ज होईल ही दुसरी धास्ती. कोलोरॅडोत २०२०मध्ये एका बाईने पोलीस अधिकाऱ्यापासून आपल्याला मूल आहे असं खोटंच शपथेवर लिहून त्याच्याविरुद्ध अर्ज केला. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि पुढे खोट्या शपथेबद्दल ती दोषी ठरली. म्हणजे असा प्रयत्न होऊ शकतो हेही खरं, आणि चाळणी काम करते हेही खरं.

पण तक्रार मांडताना कायदा का आला ते गाळू नये. कनेटिकटमध्ये १९९८ साली लॉटरीच्या कार्यालयात एका कर्मचाऱ्याने वरिष्ठांना गोळ्या घातल्या, त्यानंतर १९९९मध्ये तिथे असा पहिला कायदा झाला. पार्कलंडच्या शाळेत फेब्रुवारी २०१८मध्ये १७ जण मारले गेले आणि फ्लोरिडाच्या रिपब्लिकन गव्हर्नरने काही आठवड्यांत सही केली. आता वीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. कनेटिकटमधल्या जप्त्यांचा अभ्यास करून ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये अंदाज मांडला की दर १० ते २० जप्त्यांमागे एक जीव वाचला. हे वाचल्यावर मला तरी कायदा नको असं म्हणवत नाही. पहिल्या दिवसापासून वकील मिळावा आणि सुनावणी लवकर व्हावी, एवढंच वाटतं.

आता कायद्याचं नाव. 'लाल बावटा कायदा' असं भाषांतर मी पाहिलं आहे. तसं करू नये. मराठीत लाल बावटा म्हटलं की गिरणी कामगार, मोर्चे आणि अमर शेखांचं कलापथक आठवतं. 'लाल झेंडी दाखवणं' म्हणजे नकार देणं. धोक्याचा अर्थ आपल्याकडे बंदरावर टिकून आहे : 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हटलं की होड्या परततात. तरीही नाव 'रेड फ्लॅग कायदा' असंच ठेवावं आणि पहिल्यांदा येताना 'धोक्याची लक्षणं दिसताच बंदूक काढून घेण्याचा' असा खुलासा जोडावा. मूळ नाव ठेवण्याचा एक फायदा मेन राज्याबद्दल लिहिताना होतो. तिथे २०१९मध्ये 'यलो फ्लॅग' कायदा झाला. त्यात न्यायाधीशाकडे जाण्याआधी पोलिसांनी त्या माणसाला ताब्यात घेऊन वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. शिकाऱ्यांच्या संघटनेला हा मार्ग पसंत होता. ऑक्टोबर २०२३मध्ये लुइस्टन इथे १८ जण मारले गेले, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तिथल्या मतदारांनी रेड फ्लॅग कायदाही मंजूर केला. नावाचं भाषांतर केलं की हा लाल-पिवळ्याचा फरक हरवतो.

शेवटी, न विचारलेल्या एका शब्दाबद्दल. त्या बातमीत या लोकांना 'बंदूकधारी' म्हटलं असेल तर ते आधी बदलायला सांगा. मराठी वर्तमानपत्रांत बंदूकधारी म्हणजे गोळीबार करणारा. 'परवानाधारक'ही चालणार नाही, कारण तिथल्या अनेक राज्यांत बंदूक घरी ठेवायला परवानाच लागत नाही. 'बंदूकमालक' किंवा 'बंदूक बाळगणारे' म्हणावं.