वडिलांच्या ट्रंकेतला हगादा

प्रश्न : आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. वडील मृत्युपत्र न करता गेले. त्यांच्या ट्रंकेत हिब्रू प्रार्थनापुस्तकं सापडली. त्यात १८७४ साली पुण्यात शिळाप्रेसवर छापलेला, मराठी भाषांतर असलेला हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) आहे. काही पुस्तकांवर एका सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराचा, शिक्का आहे. इस्रायलला स्थायिक झालेला भाऊ सध्या इथे आलाय. तिकडचा एक संग्राहक चांगली किंमत देतोय, म्हणून जाताना तो पुस्तकं बॅगेतून नेणार आहे. आई आणि मी काय करावं?

उत्तर : ताई, तो हगादा विमानतळावर जाऊ देऊ नका. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी, धर्म, साहित्य किंवा चालीरीतींची ओळख देणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. गुन्हा सिद्ध झाला तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि वर दंड. ‘घरचंच पुस्तक आहे’ हे उत्तर कस्टम्सपुढे टिकणार नाही. एखाद्या पुस्तकाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे दाखवा. वस्तू पुरावस्तू आहे की नाही, याचा अंतिम निर्णय त्यांच्या महासंचालकांचा असतो.

मालकीचं म्हणाल, तर ज्यूंना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसल्यामुळे एक तृतीयांश आईचा. उरलेल्यात तुम्ही दोघं भावंडं समान. म्हणजे तिघांचा वाटा सारखाच, आणि तुमच्या दोघींच्या संमतीशिवाय भावाला एकही पुस्तक विकता येणार नाही. भारतात विकायला मात्र अडचण नाही. परवाना लागतो तो पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला.

शिक्क्याची पुस्तकं आधी बाजूला काढा. वडिलांनी ती वाचायला आणलेली असतील, तर ती आजही सिनेगॉगचीच, आणि ज्याची मालकीच नाही तो विकूनही खरेदीदाराला मालकी देऊ शकत नाही. विश्वस्तांना लेखी विचारा. भेट दिल्याची नोंद निघाली तर प्रश्न मिटला.

भावाच्या मनात पैशाइतकीच वडिलांची आठवण असेल, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. त्याला हगाद्याचं पानन् पान स्कॅन करून द्या; त्याला कायद्याची आडकाठी नाही. मूळ पुस्तक लॅमिनेट मात्र कधीच करू नका.

आज रात्रीच तिघं बसून यादी करा : प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा आणि शिक्क्याचा फोटो, खाली तिघांच्या सह्या. ट्रंकेच्या तळाशी सुटी पानं असतील तर गेनिझासाठी (जीर्ण पवित्र पानं टाकून न देता जिथे ठेवतात ती जागा) देण्याआधी नीट पाहा. त्यात हगाद्याचीच पानं असू शकतात.