आदेश तीन महिन्यांत पाळायचा होता, खातं म्हणतं ‘अपिलात जाणार’. आता काय?

वडिलांची थकीत पेन्शन तीन महिन्यांत द्या, असा उच्च न्यायालयाचा आदेश आहे, मुदत उलटून गेली आणि खातं ‘आम्ही अपिलात जाणार आहोत’ एवढंच सांगतं, असं तुम्ही लिहिलंय. मी वकिलांच्या कार्यालयात काम करते. हे उत्तर घेऊन परतलेली म्हातारी माणसं नेहमी समोर येतात आणि मला याचा फार राग येतो.

अपिलात जायचा विचार म्हणजे स्थगिती नव्हे. अपील खरंच दाखल झालं असलं तरी नव्हे. वरच्या न्यायालयाने स्थगिती दिलेली नसेल तर आदेश आजही पूर्ण लागू आहे. ‘फाईल अभिप्रायासाठी विधी शाखेत आहे’ हा त्यांचा आपसातला कारभार झाला, त्याने मुदत वाढत नाही. वेळ हवा होता तर त्यांनी न्यायालयाकडे मागायचा. अपिलाची धमकी खरी वाटत असेल तर अपील जिथे होणार त्या न्यायालयात कॅव्हेट (‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज) दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणं अवघड होतं.

आता आदेशाचा शेवटचा परिच्छेद नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ‘रक्कम अदा करावी’ असं असेल तर तुमची बाजू भक्कम. पण ‘अर्जावर विचार करून निर्णय घ्यावा’ असं असेल, तर खात्याने तुमच्या विरुद्ध निर्णय दिला तरी आदेश पाळला असंच साधारणपणे धरलं जातं आणि त्या निर्णयाला नव्या याचिकेतच आव्हान द्यावं लागतं. लोक इथे फार फसतात. जिंकलो म्हणून घरी येतात आणि मिळालेला असतो फक्त विचार करण्याचा आदेश.

तुमचा आदेश पहिल्या प्रकारचा दिसतो. तेव्हा प्रमाणित प्रत जोडून जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामाने पत्र द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. ही पोच जिवापाड जपा. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यात दिवाणी अवमानासाठी आदेश जाणूनबुजून मोडलेला असावा लागतो. ‘आदेश माझ्यापर्यंत आलाच नाही’ हा बचाव ती पोच बंद करते.

तरीही हालचाल नसेल तर अवमान याचिका. तिच्यात त्या पदावरच्या माणसाला नावाने उत्तर द्यावं लागतं, म्हणून नोटीस निघाल्यावर अडकलेली बिलं अनेकदा मंजूर होतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पद मोठं म्हणून सुटका होते असं नाही: 2006 मध्ये लाकूड उद्योगांबाबतचे आदेश डावलल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वन विभागाच्या प्रधान सचिवांना प्रत्येकी एक महिन्याची कैद दिली होती. सुनावणीत सरकारी वकील ‘चार आठवड्यांत देतो’ म्हणाले तर ते वाक्य आदेशात नोंदवून घ्यायला तुमच्या वकिलांना सांगा.

आणि एक तारीख लिहून ठेवा. अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत याचिका दाखल व्हायला हवी. तुमच्या बाबतीत हे वर्ष तीन महिने संपले त्या दिवसापासून मोजायचं. ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकत बसलात तर ते तिथेच संपेल, म्हणून पत्र याच आठवड्यात द्या.