पंधरा हजारांची स्कॉलरशिप आणि चार वर्षांची फी

आदरणीय ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो आणि दोघेही नोकरी करतो. मुलीचा जन्म इथलाच. यंदा ती बारावीत आहे आणि पुढे तिला डॉक्टर व्हायचे आहे. तिला रट्गर्समध्ये, म्हणजे न्यू जर्सीच्या राज्य विद्यापीठात, प्रवेश मिळाला आहे. तिथे स्कॉलरशिप नाही, पण राज्यातल्या रहिवाशांचा दर लागत असल्यामुळे फी, राहणे आणि जेवण मिळून वर्षाला ३४,५०० डॉलरच्या आसपास खर्च येईल. मिडवेस्टमधल्या एका नामांकित राज्य विद्यापीठाने तिला वर्षाला १५,००० डॉलरची स्कॉलरशिप देऊ केली आहे. तिथली फी ४२,००० आणि राहणे-जेवण १४,०००, म्हणजे स्कॉलरशिप वजा जाता ४१,०००. त्यांच्या पत्राची प्रत सोबत पाठवते आहे. यजमान म्हणतात, साडेसहा हजारांसाठी पोरीचे मन कशाला मोडायचे? कमी पडले तर घरावर कर्ज काढू, आणि वर्षभरात ती तिथली रहिवासी झाली की फी आपोआप उतरेल. मला मात्र धास्ती वाटते. धाकटा नववीत आहे. मी काही बोलायला गेले की मुलगी म्हणते, "तूच म्हणाली होतीस ना, तू फक्त अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू?" त्यावर मला काही बोलता येत नाही. १ मेपर्यंत विद्यापीठाला कळवायचे आहे.

एक आई, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

साडेसहा हजारांचा फरक पहिल्या वर्षाचा आहे, आणि तुमच्या घरातला सगळा वाद त्या एका वर्षाच्या हिशेबावर चालला आहे. तुम्ही पाठवलेल्या पत्रात स्कॉलरशिपची रक्कम चारही वर्षे १५,०००च राहील असे स्पष्ट लिहिले आहे. फीबद्दल मात्र त्यात एक अक्षरही नाही. फी वर्षाला ४ टक्क्यांनी वाढेल असे धरून चालू. हा माझा अंदाज आहे, विद्यापीठाचा शब्द नव्हे. तरीही ४२,०००ची फी चौथ्या वर्षी ४७,२४४ होते, आणि स्कॉलरशिप जागची हलत नसल्यामुळे वाढीचा प्रत्येक डॉलर तुमच्याच खिशातून जातो. फी साडेबारा टक्क्यांनी वाढते, पण तुम्ही प्रत्यक्ष भरायची रक्कम २७,०००वरून ३२,२४४वर, म्हणजे १९ टक्क्यांहून अधिक चढते. राहण्या-जेवणाचा खर्चही त्याच गतीने वाढला, तर चार वर्षांचा आकडा १,७७,८००च्या घरात जातो. रट्गर्सचा खर्च त्याच दराने वाढवून पाहिला तर १,४६,५०० होतो. फरक ३१,००० डॉलरहून थोडा जास्त पडतो, आणि यात थँक्सगिव्हिंग व नाताळची विमान तिकिटे किंवा उन्हाळ्यात सामान ठेवायला भाड्याने घ्यावी लागणारी जागा धरलेली नाही.

एवढ्यावरच भागले असते, तर मी कदाचित यजमानांच्या बाजूने उभी राहिले असते. परंतु त्या पत्राचे दुसरे पान पुन्हा एकदा वाचा. तिथे बारीक अक्षरांत तीन अटी आहेत: जीपीए (सर्व विषयांच्या ग्रेडची ४पैकी सरासरी) ३.३च्या खाली जाता कामा नये, त्याची तपासणी दर शैक्षणिक वर्षाच्या शेवटी होईल, आणि स्कॉलरशिप जास्तीत जास्त आठ सेमिस्टर मिळेल. मुलगी हुशार आहे यात शंका नाही, पण डॉक्टर होण्याची तयारी करणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी केमिस्ट्री आणि बायॉलॉजी प्रयोगशाळेसह घ्यावे लागतात आणि दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्री पुढे उभी राहते. शाळेत कधी 'बी' ग्रेड न मिळालेल्या मुलांना ती पहिल्यांदा इथेच मिळते. पहिल्या वर्षाअखेर जीपीए ३.२वर आला, तर उरलेल्या तीन वर्षांचे ४५,००० डॉलर गेले आणि दोन विद्यापीठांमधला फरक ७६,०००च्या पुढे गेला. विषय बदलल्यामुळे किंवा आजारपणामुळे शिक्षण पाचव्या वर्षात लांबले, तर त्या वर्षाला स्कॉलरशिपच नाही. माझ्या हिशेबाने त्या एका वर्षाचा खर्च ६५,०००च्या वर जाईल.

यजमानांची दुसरी आशा, म्हणजे वर्षभरात ती तिथली रहिवासी होईल ही, कृपया हिशेबातून काढून टाका. पुष्कळ मराठी घरांत हा समज पक्का बसलेला दिसतो, कारण बारा महिन्यांच्या वास्तव्याचा नियम बहुतेक राज्यांत खरोखरच आहे. पण केवळ शिक्षणासाठी येऊन काढलेले महिने त्यात सहसा धरले जात नाहीत, आणि आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचे राज्य आईवडील राहतात तेच मानले जाते. तुम्ही एडिसनला राहून न्यू जर्सीला कर भरता आहात तोवर ती तिथे बाहेरचीच राहील. मतदार नोंदणी आणि ड्रायव्हिंग लायसन्स बदलल्याने त्यात फरक पडत नाही.

आता स्कॉलरशिपच्या मानाबद्दल, कारण तुमच्या पत्रात ते शब्दांत नसले तरी ओळींमागे आहे. आपली पिढी चौथी-सातवीच्या स्कॉलरशिप परीक्षा देत वाढली. यादीत नाव लागणे हा गावात मिरवण्याचा प्रसंग असे, आणि रक्कम किती हे कोणी विचारतही नसे. इथल्या राज्य विद्यापीठांचा मामला वेगळा आहे. २००८च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी आपल्या विद्यापीठांचे अनुदान कापले, आणि ती तूट भरून काढायला विद्यापीठांनी जास्त फी देणारे बाहेरच्या राज्यांतले विद्यार्थी शोधायला सुरुवात केली. तुमच्या मुलीला १५,००० वजा करूनही जी फी पडते, ती तिथल्या रहिवासी मुलांच्या फीपेक्षा जास्तच आहे, हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. अलाबामा विद्यापीठात तर बाहेरून आलेले विद्यार्थी निम्म्याहून अधिक आहेत, आणि तिथल्या अनेक स्कॉलरशिप जीपीए व परीक्षेच्या गुणांच्या तक्त्यावरून आपोआप ठरतात. यात फसवणूक नाही आणि मुलीच्या गुणवत्तेला कमीपणाही नाही, पण दुकानदाराने दिलेली सूट आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही, पिशवीतला माल आणि शेवटचे बिल पाहतो, तसेच इथेही पाहावे.

शेवटचे बिल सगळीकडे एकाच तऱ्हेने वाढते असेही नाही. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१३पासून मूळ फी गोठवून ठेवली आहे, तीही बाहेरच्या विद्यार्थ्यांसकट. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२२पासून प्रत्येक नव्या तुकडीची फी सहा वर्षांपर्यंत स्थिर ठेवण्याची पद्धत आणली आहे, मात्र बाहेरच्यांवरचा अधिभार मुळातच जबर आहे. उलट मिशिगनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा दरच वरचा आहे, त्यामुळे वार्षिक वाढ बाजूला ठेवली तरी तिथे दुसऱ्या वर्षानंतर उडी बसते. तुमच्या विद्यापीठाला एवढेच विचारा की वरच्या वर्षांना वेगळा दर आहे का, आणि मागच्या चार वर्षांत बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी प्रत्यक्षात किती वाढली. उत्तर आले की माझे ४ टक्के खोडून त्यांचा आकडा घाला.

कर्जाविषयी माझे मत स्पष्ट आहे: घर यात ओढू नका. मुलीला स्वतःच्या नावावर केंद्र सरकारचे कर्ज चार वर्षांत २७,००० डॉलरपर्यंतच मिळते. पालकांच्या नावावर मिळणाऱ्या पॅरेंट प्लस कर्जाला पूर्वी खर्चाएवढी मोकळीक होती, पण १ जुलै २०२६पासून नवीन कर्जदारांसाठी वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० अशी मर्यादा लागू होत आहे. तुमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा बदल पुढचा आहे. त्याच तारखेपासून पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे ग्रॅड प्लस कर्ज नव्या विद्यार्थ्यांना बंद होते, आणि वैद्यकीय शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून वर्षाला ५०,००० व एकूण २,००,००० डॉलरच मिळू शकतात. अनेक मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च याहून बराच जास्त असतो. म्हणजे जी मुलगी खरोखर डॉक्टर होणार आहे, तिच्यासाठी आज वाचलेले तीस-चाळीस हजार डॉलर ही नंतर खासगी बँकेच्या दारात जावे न लागण्याची सोय आहे. यजमानांना साडेसहा हजारांऐवजी हा मुद्दा सांगून पाहा.

तुमच्या आकड्यांवरून मी रट्गर्सकडे झुकते. तिला हवे असलेले विषय तिथे उत्तम शिकवले जातात, आणि न्यू ब्रन्सविक व न्यूअर्क इथे त्याच विद्यापीठाचे वैद्यकीय शिक्षण आहे. मिडवेस्टच्या विद्यापीठात असा एखादा अभ्यासक्रम असता की जो न्यू जर्सीत मिळतच नाही, किंवा तुमच्या ५२९ खात्यात (मुलांच्या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) चारही वर्षांचे पैसे आजच जमलेले असते, तर मी वेगळे लिहिले असते. पत्रात यांपैकी कशाचाच उल्लेख नाही.

राहिला तुम्ही दिलेला शब्द, आणि मला वाटते तुमची झोप फीपेक्षा त्यानेच उडवली आहे. "तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू" हे तुम्ही मनापासून म्हणालात; आपल्या आईवडिलांनीही ते म्हटले होते, तेव्हा सरकारी कॉलेजची फी महिन्याच्या पगारातून निघत असे. मुलीने तो शब्द जसाच्या तसा धरला, कारण त्यात रक्कम नव्हती आणि तिला ती कोणी कधी सांगितलीच नाही. त्यामुळे आज नुसते "परवडत नाही" म्हणालात, तर तिला ते शब्द फिरवल्यासारखेच वाटणार. तिला आकडा सांगा. ५२९ खात्यात किती आहेत, पगारातून दरमहा किती काढता येतात, धाकट्यासाठी किती बाजूला ठेवायचे आहेत, हे तिघांनी एकत्र बसून कागदावर मांडा. चार वर्षांचा तक्ता तिच्याच लॅपटॉपवर तिलाच भरू द्या, स्कॉलरशिप गेली तर काय होते ही ओळही तिच्याच हातून भरली जाऊ द्या. या बैठकीत आकडे यजमानांनी सांगावेत, असा माझा आग्रह आहे. आजवर उदार बाबा आणि हात आखडणारी आई अशी विभागणी होत आली आहे, आणि ती तशीच राहिली तर निर्णय कोणताही झाला तरी खापर तुमच्यावर फुटेल. ती रागावेल, दोन दिवस खोलीचे दार लावून बसेल. बसू द्या, समजूत घालायला लगेच धावू नका. अठरा वर्षांच्या मुलीला आपल्या घरची ऐपत कळणे यात तिचा अपमान नाही.

निर्णय घेण्याआधी एक प्रयत्न मात्र जरूर करा, आणि तो तिने करावा. मिडवेस्टच्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला तिने स्वतः ईमेल लिहावी: तिथे यायची मनापासून इच्छा आहे, घरच्या राज्यातल्या विद्यापीठाचा खर्च अमुक आहे, फरक तमुक आहे, तेव्हा स्कॉलरशिपचा फेरविचार होऊ शकेल का. बारावीच्या पहिल्या सत्राचे नवे गुण सोबत जोडावेत. अशा पत्रांना प्रत्येक वेळी यश येत नाही, पण विचारल्यामुळे दिलेला प्रवेश कोणी काढून घेत नाही. त्यांनी रक्कम वर्षाला २२,०००-२३,०००पर्यंत नेली आणि जीपीएची अट ३.०वर आणली, तर माझे मत बदलेल आणि तुमचेही बदलायला हरकत नाही.

हेच पत्र वाचणाऱ्या, मूल एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की वर सांगितलेली केंद्र सरकारची कर्जे अशा मुलांना मिळत नाहीत. राज्यातल्या रहिवाशांचा दर मात्र अनेक राज्यांत मिळू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी घरच्या राज्यातले विद्यापीठ आणखी महत्त्वाचे ठरते. टेक्सासचा एक नियमही माहीत असू द्यावा: तिथल्या सरकारी विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला रहिवाशांचा दर लावता येतो, अर्थात अशा जागा मर्यादित असतात. तुमच्या मुलीसाठी आता उशीर झाला आहे, पण धाकटा नववीतच आहे. त्याची विद्यापीठांची यादी तयार होण्याआधी त्यालाही आकडा सांगून ठेवा, आणि प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कायद्याने ठेवावा लागणारा निव्वळ खर्चाचा कॅल्क्युलेटर त्याच्यासोबत बसून भरा.

दोन्हीकडे डिपॉझिट भरून वेळ मारून नेण्याचा सल्ला तुम्हाला मराठी मंडळात कोणीतरी देईलच; तो मानू नका, कारण कळले तर दोन्हीकडचा प्रवेश अडचणीत येऊ शकतो. ईमेल या आठवड्यातच जाऊ द्या. २५ एप्रिलपर्यंत उत्तर आले नाही, तर तिलाच फोन करायला सांगा, आणि फोनवर मिळालेले आश्वासन लेखी आल्याशिवाय तक्त्यात भरू नका.

आपली,
ताई