शपथ घालू का?

"बाय, ह्याला मांडावर शपथ घालू का?" गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या एका आडगावातून आलेल्या बाईंनी बसल्या बसल्या हेच विचारले. नवऱ्याची दारू हाताबाहेर गेली की घरची माणसे बहुधा याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

कुटुंब वेळीप समाजाचे. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना 2003 साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, पण मांडाचा, म्हणजे गावच्या पवित्र अंगणाचा, मान त्याच्या कितीतरी आधीचा आहे. जिथे बायका धालो हे लोकनृत्य खेळतात आणि जिथे गाऱ्हाणे, म्हणजे देवाला सामूहिक साकडे, घालतात, तिथे दिलेला शब्द मोडायचा नसतो. पूर्वी एका कुटुंबाला मी "हा आजार आहे, शपथेने जात नाही" असे फटकन सांगितले होते. त्यांनी मान डोलावली आणि ती माणसे पुन्हा आली नाहीत. या वेळी मी नवऱ्याला भेटायचे ठरवले.

ते खाणीवर टिपर चालवायचे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 मध्ये न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. तेवढ्यात कर्जाचा टिपर विकावा लागला आणि संध्याकाळची फेणी सकाळीही लागू लागली. चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी निम्मा चहा बशीत सांडला. मला काळजी वाटली ती त्या सांडलेल्या चहाची, कारण शरीराला इतकी सवय लागलेल्या माणसाने दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावरही बेतू शकते.

मग बाईंना बाहेर बसवून मी नवऱ्याला सरळ विचारले, "जगणे नको, मरून जावे, असे मनात येते का?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, अशी पुष्कळांची समजूत असते, पण तसे होत नाही, उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस सैल होतो. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "शपथ घेतली आणि मोडली, तर मांडाला तोंड कसे दाखवू? त्यापेक्षा नसलेले बरे." घरच्यांना जो उपाय वाटत होता, तीच त्यांची सर्वांत मोठी धास्ती होती.

त्यांच्या संमतीने मी बाईंना आत बोलावून हे सांगितले. त्याच संध्याकाळी बागायतीतल्या फवारणीची औषधे दिराच्या घरी कुलपात गेली, रात्री-अपरात्री फोन करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भिंतीवर लिहिला गेला आणि दुसऱ्या दिवशी ते बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखल झाले. तिथे औषधांच्या आधाराने दारू सुटली आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने मिळाली.

दरम्यान, त्यांना विचारूनच, मी गावच्या जल्मींना, म्हणजे मांडावरच्या पारंपरिक पुजाऱ्यांना, भेटले. त्यांच्या ओसरीवर बसून मी दोनच गोष्टी सांगितल्या, एकदम तोडण्याचा धोका आणि मोडलेल्या शब्दाची लाज. त्यांनी पान जुळवले, चुना लावला, ते तोंडात टाकले आणि मग म्हणाले, "शपथ एकट्याची. गाऱ्हाणे सगळ्यांचे. आम्ही गाऱ्हाणे घालू."

बाईंचे यजमान घरी परतल्यावर मांडावर गाऱ्हाणे झाले. त्यात दारू सोडण्याचे वचन कुठेच नव्हते. या लेकराची वाट चुकली असेल तर त्याला राखणीत घे, एवढेच मागणे होते आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटले. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोट (जाड भाकरी) आणि दारू दाखवायची रीत असल्याने प्रसादाचे काय, हा प्रश्न मला पडला होता, पण तो विचारावाही लागला नाही. जल्मींनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि बाटली दुसऱ्या बाजूने पुढे सरकवली.

म्हणून शपथेविषयी कोणी विचारले तर मी नाही म्हणत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग गावच्या जाणत्यांना बरोबर घेऊन शब्द कोणता मागायचा ते ठरवू, असे सांगते. एप्रिलमध्ये हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत बाईंचे यजमान एकदा घसरले. तिसऱ्या दिवशी सकाळी जल्मींच्या ओसरीवर जाऊन त्यांनी स्वतःच ते सांगितले आणि दुपारच्या बसने जल्मींना सोबत घेऊन माझ्याकडे आले.