गच्चीवरचे मोजमाप आणि चेंबरमधली नापासी

प्रश्न : आम्ही भोसरीत एलईडी ड्रायव्हर बनवतो. माल किती रेडिओ लहरी बाहेर सोडतो हे तपासायच्या चेंबरचे (लहरी अडवणाऱ्या बंद खोलीचे) भाडे परवडत नाही. कंपनीच्या गच्चीवर अँटेना आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावून रेडिएशन मोजले तर?

पास की नापास हे त्यातून ठरणार नाही. ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये घरगुती उपकरणांची, म्हणजे क्लास बीची मर्यादा ३ मीटरवर ४० डीबी (डेसिबल) मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे मीटरमागे जेमतेम १०० मायक्रोव्होल्ट. पुण्यात गच्चीवर ९१.१, ९८.३ आणि १०१ मेगाहर्ट्झची एफएम केंद्रे त्याच्या कितीतरी वर उभी असतात. वर मोबाइल टॉवर आहेतच. तुमच्या उपकरणाचे शिखर त्यांच्याखाली दडले तर दिसणारच नाही.

चेंबरचे पोलादी कवच हे सगळे बाहेर अडवते. भिंती-छतावरच्या फेराइट टाइल आणि कार्बनयुक्त फोमचे सुळके आतले परावर्तन शोषतात. जमीन मात्र सेमी-अॅनेकोइक (अर्धवट परावर्तनरहित) चेंबरमध्ये मुद्दाम धातूचीच ठेवतात, कारण मर्यादा उघड्या मैदानावरच्या मोजमापावर बेतलेल्या आहेत. थेट आलेली आणि जमिनीवरून उसळलेली लहर एखाद्या उंचीवर एकमेकींना खोडतात, म्हणून अँटेना १ ते ४ मीटर वरखाली करतात आणि टेबल पूर्ण फिरवतात. गच्चीवर एवढे कोण करतो?

तरी गच्ची अगदीच वाया नाही. मांडणी जराही न हलवता बदलाआधी आणि बदलानंतर मोजा. फरक बऱ्यापैकी कळतो, आकडा नाही.

प्रश्न : ३ मीटर चेंबरमध्ये पास झालेला माल १० मीटरलाही पास होईल का?

टेबलावर मावणारे छोटे उपकरण असेल तर बहुधा हो. अंतरासाठी मर्यादेत साधारण १० डीबीचा फरक धरलेलाच असतो. पण ३० मेगाहर्ट्झला तरंगलांबीच १० मीटर असते, त्यामुळे तिथे ३ मीटरवर हे साधे गणित डळमळते. मोठे कॅबिनेट किंवा लांब केबल असेल तर मर्यादेखाली ६ डीबी तरी हातात ठेवा. दोन चांगल्या प्रयोगशाळांच्या निकालातही काही डीबींचा फरक पडू शकतो.

प्रश्न : आमचा कंट्रोलर जाड अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात आहे, तरी ४० ते ९० मेगाहर्ट्झमध्ये नापास झाला. डबा बदलावा का?

डब्याला हात लावू नका. या पट्ट्यात बहुतेक वेळा केबलच अँटेना होते. ५० मेगाहर्ट्झला १ मीटर केबलवर फक्त ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा नकोसा प्रवाह) असला, तरी ३ मीटरवरची क्लास बी मर्यादा गाठली जाते.

आधी चाचणीचा प्लॉट (फ्रीक्वेन्सीनुसार आलेख) वाचा. समान अंतरावर अणकुचीदार शिखरे असतील तर क्लॉक (सर्किटला ठेका देणारा सिग्नल) पाहा: २४ मेगाहर्ट्झचे अंतर म्हणजे २४चा क्रिस्टल. रुंद कुबड असेल तर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारे सर्किट) किंवा एसएमपीएसचे (स्विचिंग वीजपुरवठ्याचे) रिंगिंग, म्हणजे स्विच होताना उठणारी थरथर.

मग केबल एकेक काढून पुन्हा मोजा. केबल काढून चालणारच नसेल तर डब्याबाहेर निघते तिथेच क्लिपचे फेराइट (केबलभोवती बसणारे चुंबकीय कडे) लावा. अर्ध्या मीटरवर लावलेले फारसे कामाचे नाही. त्यातून केबलचे दोन वेढे घेतले तर खालच्या फ्रीक्वेन्सीला इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे चौपट होतो.

दोषी केबल सापडली की तिचे शिल्ड (तारांभोवतीचे धातूचे जाळे) कसे जोडले आहे ते बघा. शिल्डची वेणी पिळून एका स्क्रूला बांधलेली असते, आणि घात तिथेच होतो: ती काही सेंटिमीटरची तार इंडक्टन्स बनते, म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सीला अडथळा होते. शिल्ड कनेक्टरच्या धातूच्या कवचाला सर्व बाजूंनी भिडले पाहिजे आणि कवच डब्याला. मध्ये पावडर कोटिंग असेल तर ते खरवडा.

हे सगळे ऑफिसात जमते. करंट प्रोब (केबलमधला प्रवाह मोजणारा चिमटा) पूर्ण केबलभोवती लावा, अ‍ॅनालायझरची बँडविड्थ १२० किंवा १०० किलोहर्ट्झ ठेवा आणि प्रीअँप्लिफायर चालू करा. नाहीतर एवढा बारीक सिग्नल यंत्राच्याच गोंगाटात बुडतो. १ ओहम ट्रान्स्फर इम्पिडन्सच्या (करंटमागे मिळणाऱ्या व्होल्टेजच्या) प्रोबवर ५ मायक्रोअँपिअर म्हणजे सुमारे १४ डीबी मायक्रोव्होल्ट. त्याच्या बरेच खाली आल्याशिवाय चेंबर पुन्हा बुक करू नका.

प्रश्न : चाकणच्या वाहन कंपनीला ईसीयू (गाडीतला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) द्यायचा आहे. कोथरूडला एआरएआय या वाहन चाचणी संस्थेत एआयएस-००४ भाग ३ या भारतीय मानकाची चाचणी झाली की पुरेल?

ती नियमाची चाचणी झाली. वाहन कंपनी त्याशिवाय सिस्पर २५ या वाहनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्लास मागते, आणि क्लास ५ सर्वांत कडक. कोणता क्लास हवा ते लेखी घ्या.

सिस्पर २५ची मांडणी निराळी असते. १.७ मीटर हार्नेस (तारांचा जुडगा) धातूच्या टेबलापासून ५० मिलिमीटर उंच ठेवतात आणि अँटेना १ मीटरवर असते. हार्नेस ठरल्यापेक्षा लांब करून गुंडाळी टाकली तर निकाल बदलतो, म्हणून तो मापानेच करून न्या. लोडबॉक्समध्ये (गाडीतल्या जोडण्यांची नक्कल करणाऱ्या डब्यात) स्विचिंग सप्लाय नको, बॅटरी किंवा साधे रेझिस्टर बरे. कॅनचे (गाडीतल्या डेटा-जाळ्याचे) संदेश ऑप्टिकल फायबरने बाहेर काढा. वॉचडॉगने (अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) रीसेट होणारा चाचणी-फर्मवेअर नेऊ नका. पहिला स्कॅन ईसीयू बंद ठेवून पण लोडबॉक्स चालू ठेवून घ्यायला सांगा. मर्यादेखाली ६ डीबीच्या आत काही दिसले तर आधी लोडबॉक्स दुरुस्त करा, ईसीयू नंतर.